मुलांचा गाण्या-वाजवण्याचा खासगी क्लास : खोली, वेळ, फोन यांचं आधीच काय ठरवून घ्यावं? (सांगली-मिरज-सातारा)

पलटे_रोज (धागाकर्ता)

जून लागला की सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात क्लासची चौकशी सुरू होते. कुणाला पेटी, कुणाला तबला, मिरजेत तर सतारसुद्धा पायी जाऊन बघून येता येते. चौकशीत आपण विचारतो काय? फी किती, आठवड्यातून किती वार, गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षेला बसवता का. मूल तासभर एका मोठ्या माणसासोबत बंद खोलीत एकटं असणार, याबद्दल मात्र अवाक्षर निघत नाही. विचारलं तर गुरुजींवर संशय घेतल्यासारखं होईल, ही भीती.

नेमकी माहिती एका जागी असावी म्हणून धागा काढतोय. बसायचं कसं, हात लावायची गरज खरंच कधी पडते, वेळापत्रक, फोन, बाहेरगावचे कार्यक्रम, आणि काही झालंच तर पहिल्या दिवशी काय करायचं. दोन विनंत्या. कुणाचं नाव, क्लासचं नाव, 'अमक्या बोळातले ते' असल्या खुणा लिहू नका. आणि 'माणूस बघूनच कळतो' हे उत्तर नको. बघून कळत असतं तर धागा काढायची वेळ आली नसती.

---

डग्गा_तबला

तबल्यापुरतं लिहितो. 'शिकवताना हात लावावाच लागतो' हे अर्धं खरं आहे. पोराला 'ना' वाजवायला शिकवताना अनामिका शाईच्या (तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली हवी, मधलं बोट वर, आणि तर्जनी किनारीवर पडून लगेच सुटली पाहिजे. सहा-सात वर्षांच्या पोराची अनामिका जागेवर राहत नाही. तेव्हा शिक्षकाने तेवढं बोट धरून दाखवणं चालतं. पण बोट म्हणजे बोट, फार तर मनगट. खांदा, पाठ, मांडी यांचा तबल्याच्या बोलाशी काही संबंध नाही. आणि बोट धरायच्या आधी 'बोट धरून दाखवू का?' एवढं विचारायला दोन सेकंद लागतात.

खरी अडचण वेगळीच आहे. समोरासमोर बसलं की लहान मुलाला सगळं उलटं दिसतं. शिक्षकाचा उजवा हात त्याला डावीकडे दिसतो, आणि ते डग्ग्यावर (डाव्या हाताने वाजवायच्या जोडीदारावर) 'ना' वाजवायला बघतं. म्हणून पुष्कळ शिक्षक मुलाच्या मागे बसून दोन्ही बाजूंनी हात पुढे घालतात. सवयीने करतात, बहुतेकांच्या मनात काही नसतं. पण मागून वेढून बसायची रीत एकदा रुळली की ज्याच्या मनात काही आहे त्यालाही तीच आड मिळते, आणि मुलालाही ते नेहमीचंच वाटायला लागतं.

उपाय सोपा आहे. दोघांनी काटकोनात बसायचं, मध्ये दोन हात अंतर, दोघांपुढे आपापली जोडी. नाहीतर भिंतीला जमिनीलगत साधारण दोन बाय तीन फुटांचा आरसा उभा करायचा आणि दोघांनी शेजारी शेजारी आरशाकडे तोंड करून बसायचं. आरशात पोराला स्वतःची बोटंही दिसतात, त्यामुळे 'बोट वर घे' दहा वेळा सांगावं लागत नाही. शिकवण्याच्या दृष्टीनेही हेच जास्त बरं.

पट्टीबद्दलही लिहून टाकतो. बोटांवर पट्टी मारणं, कान पिळणं, चिमटे काढणं आपल्याकडे 'त्याशिवाय हात बसत नाही' म्हणून चालवून घेतात. हात भीतीने आखडतो, आणि आखडलेल्या मनगटाने तिरकिट कधीच सुटं वाजत नाही. शिवाय गुरुजींचा माझ्या अंगावर हक्क आहे हे मूल पट्टीतूनच शिकतं. मग पुढे 'नको' कुठून म्हणणार?

---

कृष्णाकाठ

गाण्याच्या बाजूने भर घालते.

'पोटातून आवाज काढ' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि त्यासोबत पोटावर हात ठेवून दाखवणारेही असतात. याची गरज शून्य. मुलाला सतरंजीवर उताणं झोपवा, पोटावर पातळसं पुस्तक ठेवा. श्वास घेतला की पुस्तक वर, सोडला की खाली. पाच मिनिटांत कळतं. हे पहिल्यांदा आई किंवा वडील खोलीत असताना करून घ्यावं आणि पुढे घरीच करायला सांगावं. क्लासमध्ये बसून करायचं तर मुलाने स्वतःचाच हात स्वतःच्या पोटावर ठेवायचा. आकार, म्हणजे लांब 'आ', लावताना जबडा उघडत नसेल तर हातात छोटा आरसा द्या. हनुवटी धरणं, गळ्याला बोट लावून 'इथून काढ' म्हणणं, काही लागत नाही.

पेटीची गंमत बघा. लहान मुलाचा डावा हात भात्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून शिक्षक मागून हात घालून भाता मारतात. अहो, भाता असतो वाजवणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला! समोर बसलेल्या माणसाला तो आयताच हाताशी येतो. शिक्षकाने समोर बसून भाता मारावा, मुलाने उजव्या हाताने सा रे ग म फिरवावं. आणि मुलाखाली तीन-चार इंचांचा पाट किंवा घडी घातलेलं घोंगडं दिलं की महिन्या-दोन महिन्यांत ते स्वतःच भाता मारू लागतं.

एक नाजूक जागा. साधारण बारा ते चौदाच्या आसपास मुलांचा आवाज फुटतो. आवाजाची पट्टी उतरते, तार सप्तक जातं, मुलगा बावरतो. मुलींच्या आवाजातही थोडा फरक पडतो. शिक्षकाला त्यावर बोलावं लागतं, पण तेवढंच : आवाज बदलतोय, काही महिने जोर लावू नको, खालची पट्टी घेऊ. हे आई-वडिलांच्या देखत सांगावं. त्या निमित्ताने शरीरातल्या बाकीच्या बदलांच्या चौकशा, 'आता तू मोठा झालास'-छाप गप्पा सुरू झाल्या तर त्या गाण्यासाठी नाहीत.

---

मारवा_संध्याकाळ

हे सगळं वाचून भीती वाटली. आता गुरूच्या पाया पडणंही बंद करायचं का? पाठीवर शाबासकीची थाप नसेल तर ती तालीम कसली? परंपरेत शिष्य गुरूच्या घरी राहून शिकत होता.

---

डग्गा_तबला

मारवा, पाया पडणं एका क्षणाचं असतं, चारचौघांत असतं, आणि मूल स्वतः वाकतं. शाबासकी खांद्यावर, सगळ्यांसमोर, कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. प्रश्न नमस्कार झाल्यावर ओढून जवळ घेण्याचा आहे, दार लावून पाय चेपून घेण्याचा आहे. 'सेवा' म्हणून पाणी आणणं, वाद्यं पुसणं, सतरंजी घालणं ठीक. अंग रगडणं, आतल्या खोलीत जाऊन कपडे-अंथरूण आवरणं ही सेवा दहा वर्षांच्या मुलाला सांगायची नाही. गुरूच्या घरी राहायचे तेव्हा त्या घरात गुरुपत्नी, त्यांची मुलं, आणखी चार शिष्य असत. आजचा वन बीएचके आणि पाऊण तासाची वन-टू-वन शिकवणी ही परंपरा नव्हे.

---

मारवा_संध्याकाळ

वन बीएचकेचा मुद्दा मान्य.

---

जवारी

सतारीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे अडचण वाद्याच्या मापाची असते. मोठ्या माणसाची सतार नऊ वर्षांच्या मुलाला दिली की भोपळा घसरतो, दांडी खाली येते, आणि शिक्षक मागून धरून बसतो. मुलाच्या मापाची सतार घ्या. मिरजेतले कारागीर माप सांगितलं की बनवून देतात. भोपळ्याखाली रबरी जाळीचा तुकडा किंवा किंचित ओला पंचा ठेवला की घसरणं थांबतं. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग भोपळ्यावर टेकला की वाद्य आपोआप तोललं जातं, मागून धरायला कुणी लागत नाही.

नखी, म्हणजे बोटात घालायची तारेची मिजराब, मुलाने स्वतः घालायची. सैल असेल तर काढून पक्कडीने तिची तार दाबायची, परत मुलाच्या हातात द्यायची. बोटात असताना दाबत बसायचं नाही, टोचतंही.

---

अजिंक्यतारा_घाट

क्लास चालवण्याच्या बाजूने लिहितो, कारण बहुतेक धोका वेळापत्रकात असतो.

पंचेचाळीस मिनिटांची शिकवणी असेल तर पुढच्या मुलाला दहा मिनिटं आधी बोलवा. म्हणजे ५ ते ५:४५ चा मुलगा आहे तोवर ५:३५ ला पुढची मुलगी येऊन बसते, वही काढते, ऐकते. अशाने प्रत्येक तासात मूल पूर्ण एकटं असण्याचा वेळ दहा मिनिटांनी कमी होतो. ऐकून शिकणं होतं ते वेगळंच. शेवटचा तास मात्र उघडा राहतो. रात्री आठचा शेवटचा तास एकट्या लहान मुलाला कधीच देऊ नये. तिथे दोघांची जोडी लावा किंवा मोठ्या वयाचे विद्यार्थी घ्या. सकाळी साडेपाच-सहाच्या खर्जाच्या (खालच्या सुरांच्या) रियाजालाही हाच नियम.

गडबड होते ती नेहमीच्या दिवशी नव्हे, तर घडी मोडते त्या दिवशी :

पाऊस. पाचातले चार येत नाहीत, एकच पोचतं. शिक्षकाने लगेच पालकांना फोन करायचा : 'आज एकटाच आहे, तुम्ही थांबता का, की दार उघडं ठेवून अर्धा तास घेऊ?' उत्तर येईपर्यंत मूल पुढच्या खोलीत किंवा ओट्यावर.

परीक्षा. गांधर्व मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात असतात. त्याआधी महिनाभर 'जादा तास' निघतात, रविवारी दुपारी, रात्री उशिरा, कुठल्याही वेळी. जादा तास सगळ्या पालकांना एकाच संदेशात, दोन दिवस आधी कळला पाहिजे. एकाच मुलाला निरोप देऊन बोलावलं असेल तर चौकशी करा.

लाइट गेली. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा दिवा खोलीतच असू द्या, आणि लाइट गेली की दार उघडायचं, एवढं सगळ्या मुलांना माहीत हवं.

घ्यायला येणारा उशिरा. मूल कुणाच्या हाती द्यायचं त्यांची दोन किंवा तीन नावं प्रवेशाच्या वेळीच फोन नंबरसकट लिहून घ्या. शिक्षकाने गाडीवर घालून सोडायचं नाही, चांगुलपणा म्हणूनही नाही. साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंतच जायचंय म्हटलं तरी नाही.

हजेरीची वही ठेवा : आलेली वेळ, गेलेली वेळ, कोण घेऊन गेलं. चार आण्याची गोष्ट, पण शिक्षकावर खोटा आळ आला तर हीच वही त्याच्या बाजूने बोलते.

---

चांदोली_धुकं

घरी येऊन शिकवणाऱ्यांचं काय? आजी घरात असते, मग चालेल ना?

---

कृष्णाकाठ

आजीला ऐकू येत असेल तर चालेल. :) शिकवणी हॉलमध्ये, बेडरूममध्ये कधीच नाही. दार-पडदा उघडा. घरात जागं असलेलं, अधूनमधून खोलीतून फिरणारं मोठं माणूस हवं. टीव्हीचा आवाज नको म्हणून मुलाला आतल्या खोलीत बसवतात आणि तिथेच चूक होते. टीव्ही बंद करा, मुलाला हलवू नका. घरात मोठं कुणी नसेल तर त्या दिवशी शिक्षकाने उंबऱ्यातूनच परत जावं, आणि त्या तासाची फी पालकांनी द्यावी. चूक पालकांची आहे, भुर्दंड शिक्षकाला का?

---

पलटे_रोज

फोनवर कुणी लिहील का? आजकाल रियाजाचे व्हिडिओ पाठवायला सांगतात.

---

बारा_श्रुती

फोनचे नियम लेखी असावेत, कारण इथे सुरुवात फार गोड होते.

शिक्षकाचा निरोप पालकांच्या नंबरवर किंवा पालकांच्या ग्रुपवर. मुलाचा स्वतःचा फोन असेल, चौदा-पंधरा वर्षांचा असेल, तरी संभाषणात आई किंवा वडील हवेतच. आपोआप पुसले जाणारे निरोप चालू नाहीत ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा.

रियाजाचा व्हिडिओ तबला-पेटीचा असेल तर फक्त हात दिसले पाहिजेत, चेहऱ्याची गरज नाही. फोन वाद्याच्या पुढे तिरपा, साधारण दीड-दोन फुटांवर, कॅमेरा खाली झुकलेला. गाण्याला व्हिडिओ कशाला, ऑडिओ पुरतो. व्हिडिओ पालकांच्या फोनवरून जावा.

ऑनलाइन तास घ्यायचा तर कॉल पालकांच्या खात्यावरून, हॉलमध्ये, हेडफोन न लावता. हेडफोन लावला की घरातल्यांना फक्त मुलाचीच बाजू ऐकू येते.

रील टाकायची तर आधी लेखी परवानगी. शाळेचा गणवेश, शाळेचं नाव, 'दर मंगळवारी ६ वाजता' असल्या ओळी नकोत. आपणच पत्ता वाटतो.

आता गोड सुरुवात कशी दिसते ते. 'हिच्यात काहीतरी वेगळं आहे, हिला फी नको.' 'तुझ्या घरच्यांना गाण्यातलं काय कळतंय.' मग भेट, मग रात्री साडेदहाचा निरोप, मग 'हे आपल्यातच ठेव'. एकेक सुटं बघितलं तर कौतुकच वाटेल. गरीब मुलाला फी माफ करणारे, जुना तानपुरा देऊन टाकणारे गुरुजी आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते घरी येऊन आई-वडिलांना सांगून देतात. फरक तेवढाच बघा : मुलाला काय मिळालं ते घरच्यांना कुणाकडून कळलं?

---

अजिंक्यतारा_घाट

बारा_श्रुतींचं शेवटचं वाक्य क्लासच्या दारावर लावावं.

---

निमूट_वाचक

सीसीटीव्ही लावला की काम झालं ना?

---

बारा_श्रुती

नाही. कॅमेरा घडल्यावर दाखवतो, तोही डिस्क भरून जुनं रेकॉर्डिंग पुसलं गेलं नसेल तर. काही आठवड्यांत पुसलं जातं आणि मुलं पुष्कळदा काही महिन्यांनी बोलतात. शिवाय रेकॉर्डिंग कुणाच्या मोबाइलवर दिसतं? ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच मोबाइलवर असेल तर काय उपयोग? लावा, पण पालकांना सांगून, आणि उघड्या दाराच्या बदली नव्हे, त्याच्या जोडीला.

---

काळा_कोट

कायद्याचं लिहितो. पॉक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२. अठरा वर्षांखालचं कुणीही, मुलगा असो की मुलगी. 'मुलग्याला काय होतंय' हा गैरसमज पहिल्यांदा काढा.

१) हा कायदा फक्त बलात्कारापुरता नाही. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श येतो. कपड्यांवरून केला म्हणून सुटका नाही, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. लैंगिक हेतूने मुलाशी पुन्हा पुन्हा फोन-इंटरनेटवरून संपर्क साधणं, घाणेरडं चित्र दाखवणं हेही कलम ११ मध्ये येतं, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाच्या विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने स्पर्शाचा गुन्हा केला तर तो कलम ९ खाली गंभीर धरला जातो आणि कलम १० प्रमाणे शिक्षा पाच ते सात वर्षं. गुरू हे विश्वासाचंच नातं.

२) कळवणं बंधनकारक आहे. कलम १९ : गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडण्याची ज्याला भीती वाटते त्याने पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. म्हणजे चार शिक्षक नेमून क्लास चालवणाऱ्याला 'त्याला काढून टाकलं, विषय मिटवला' असं म्हणता येत नाही. मिटवता येत नाहीच. काढलेला माणूस पुढच्या गावात क्लास टाकतो.

३) २०२० च्या नियमांत, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यावी असं आहे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज त्या माणसाने स्वतः करायचा असतो, पालक परस्पर काढू शकत नाहीत. आणि तो दाखला फक्त नोंद झालेल्या गुन्ह्यांबद्दल बोलतो. कोरा दाखला म्हणजे हमी नव्हे. 'विशारद'चं प्रमाणपत्र तर फक्त गाण्याबद्दल बोलतं.

४) मुलाला ठाण्यात न्यायलाच पाहिजे असं नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेता येतो. शक्य तिथे महिला अधिकारी, उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची, आणि जबाब घेताना गणवेश नाही. सोबत आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. सांगली, सातारा दोन्ही जिल्ह्यांत समिती आहे.

५) मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, मोफत. तातडीला ११२.

---

चांदोली_धुकं

आणि समजा खात्री नसताना कळवलं आणि काही निघालं नाही तर आपण अडकू का?

---

काळा_कोट

प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, ते कलम १९ मध्येच आहे. कलम २२ ची शिक्षा बदनामी, खंडणी, धमकी यांसाठी मुद्दाम रचलेल्या तक्रारीला आहे. सिद्ध न होणं वेगळं आणि रचणं वेगळं. मुलाने चुकीचं सांगितलं तरी मुलाला शिक्षा नाही.

---

कृष्णाकाठ

मुलाने सांगितलं त्या संध्याकाळी काय करायचं, ते काळा_कोट यांनी जरा उलगडून लिहावं. तिथेच घरं कोलमडतात.

---

काळा_कोट

पहिलं, ऐका. 'नक्की का?', 'तू का गेलास?', 'आधी का नाही बोललीस?' यातलं काही नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.' एवढंच. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही.

प्रश्न मोकळे ठेवा : 'मग काय झालं?' एवढंच. उलट 'त्यांनी इथे हात लावला का?' असं विचारलं की पुढे कोर्टात उलटतपासणीत 'आईने पढवलं' होतं. घरातल्या पाच जणांनी पाच वेळा विचारू नका. एकाने एकदा ऐका आणि मूल झोपल्यावर त्याचेच शब्द, जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून वहीत लिहा. ते 'शू-ची जागा' म्हणालं तर तेच लिहा, शुद्ध मराठी करू नका.

नुकताच काही शारीरिक प्रकार झाला असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात. सरकारी दवाखान्यात, म्हणजे सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं सरकारी रुग्णालय, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, गुन्हा नोंद व्हायच्या आधीही तपासणी होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची. शक्य तितक्या लवकर जा. तीन दिवस उलटले की पुरावे मिळणं अवघड होत जातं आणि काही औषधांचा उपयोग राहत नाही.

फोनमधले निरोप पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोन तसाच ठेवा, पोलिसांना तोच लागतो.

आणि काय करायचं नाही : शिक्षकाला जाऊन धरायचं नाही. तो सावध होतो, फोन पुसतो, आणि भावकीतले चार जण घेऊन 'मिटवायला' येतो. समेटाच्या बैठकीला बसायचंच नाही. ग्रुपवर नाव टाकायचं नाही. मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापणं, पसरवणं कलम २३ खाली गुन्हा आहे. गल्लीचं नाव आणि वाद्याचं नाव एवढ्यावरून मूल ओळखू येतं.

---

निमूट_वाचक

मूल सांगतच नसेल तर ओळखायचं कसं? क्लासच्या दिवशी पोट दुखणं हे तर निम्म्या महाराष्ट्राला होतं.

---

कृष्णाकाठ

खरंय, अलंकारांचा, म्हणजे सरगमच्या पलट्यांचा, कंटाळा आला की पोट दुखतंच. कंटाळलेलं मूल क्लासबद्दल तक्रार करतं : 'तेच तेच करून घेतात, राग शिकवत नाहीत.' घाबरलेलं मूल वाद्याबद्दल काही बोलत नाही, घरी वाजवतंही, फक्त ती जागा, ती वेळ, तो माणूस टाळतं. 'बाबा तिथेच बसा' म्हणतं. घरी कुणी शेजारी बसलं तरी दचकतं. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर क्लास आठवडाभर थांबवा. आठवड्याने कुणाचा सूर बुडत नाही.

रोज घरी आल्यावर 'सर नीट वागले का?' विचारू नका, उत्तर 'हो' येतं. 'आज कोण कुठे बसलं होतं? आधी कोण गेलं? दार लावलं होतं का, आवाज बाहेर जातो म्हणून?' असं जाता जाता विचारा. मुलं सविस्तर सांगतात. आणि लहानपणापासून अवयवांची नावं सरळ शिकवा.

क्लास लावायच्या आधी शिक्षकांना एकच विचारा : 'मी न सांगता मधेच येऊन बसलो तर चालेल का?' 'या की, फक्त मध्ये बोलू नका' म्हणणारे भेटले की निम्मं काम झालं. 'मुलांचं लक्ष विचलित होतं' हे कारण पहिला महिना मान्य, तेही दारातून दिसत असेल तर.

---

जवारी

बाहेरगावचं राहिलं. आपल्या भागात रात्रीच्या मैफली पुष्कळ. मिरजेत दर्ग्याच्या उरुसातलं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं, नवरात्रात अंबाबाईच्या देवळातलं, तिकडे औंधचा महोत्सव. मुलांना ऐकवायलाच हवं. पण शिक्षक पाच मुलांना घेऊन निघाले तर सोबत किमान दोन मोठी माणसं, त्यातली एक पालक. मुली असतील तर एक बाई असलीच पाहिजे. मुक्काम असेल तर मुलांची खोली वेगळी आणि शिक्षकांची वेगळी, मग खर्च वाढो. साडी, धोतर, फेटा नेसवायचं काम पालकांचं. लहान मुलांना घरूनच तयार करून न्या, रंगमंचामागे कपडे बदलायला धड जागा नसते.

---

पलटे_रोज

दाराचा मुद्दा सगळ्यांच्या लिहिण्यात येतोय. शिक्षक म्हणतात दार उघडं ठेवलं तर शेजारी भांडतात, आणि तेही खोटं नाही. काचेचं दार करायचं तर माप काय घ्यावं?

---

रंधा

दार बदलायची गरज नाही. आहे त्या फ्लश डोअरला (सपाट लाकडी दाराला) झरोका कापून काच बसते, एका दिवसाचं काम. चूक कुठे होते सांगतो. लोक ऑफिससारखी काच मागतात, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर आठ इंचांचा चौकोन. इथे शिकवणारा आणि शिकणारा दोघं जमिनीवर बसलेले. बाहेरून जाणाऱ्याला त्या चौकोनातून समोरची भिंत आणि फार तर पंखा दिसतो.

काच उभी घ्या : आठ इंच रुंद, तीस ते छत्तीस इंच उंच. खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर. कडी-कुलपाच्या बाजूला किमान पाच इंच लाकूड सोडा, नाहीतर दार तिथे कमजोर पडतं. काच पाच-सहा मिलिमीटर, टफन्ड. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून आधी झरोका कापा, मग माप द्या, चारी बाजूंनी दोन मिलिमीटर कमी. दोन्हीकडून रबर लावून पट्टी मारा. रबर विसरलात तर डग्गा वाजला की काच थरथरते.

आवाजाचं म्हणाल तर जास्त आवाज दाराखालच्या फटीतून जातो, काचेतून नाही. खाली रबरी झडप लावा, खिडकीला जाड पडदा. आतली कडी काढून टाका, वाऱ्याने दार उघडू नये म्हणून नुसता चुंबक बसवा.

---

पलटे_रोज

दोन फूट म्हणजे काचेच्या मध्यापासून?

---

रंधा

नाही, खालच्या कडेपासून. बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून सव्वादोन फुटांवर येतं आणि हात त्याहून खाली. दाराजवळून बघणाऱ्याला हातही दिसले पाहिजेत. आणि काचेच्या आतून पडद्याची दांडी मारून द्या म्हणणारे भेटतात, ती मारू नका.